साडीवरील क्रमांक

लग्नाचा बस्ता बांधताना दुकानदार रेशमी साडी पसरतो, तेव्हा घरातील जाणत्या बाईचा हात आधी काठाकडे जातो. रंग डोळ्यांना दिसतो. पण रेशीम शुद्ध की मिसळीचे, जरतार खरी की खोटी, हे दिसत नाही. धागा जाळून केस जळल्यासारखा वास येतो का, हे पाहण्याची जुनी रीत आहे खरी. पण दुकानात नवी साडी कोण जाळू देईल? साठवलेली पुंजी एका साडीत घालणाऱ्या कुटुंबाची खरी चिंता ही आहे.

ग्राहकाची कोणती अडचण आपला माल दूर करतो आणि त्याने दुसरीकडे न जाता आपल्याकडेच का यावे, याचे थोडक्यात व स्पष्ट उत्तर म्हणजे ग्राहकमूल्याचे विधान. म्हैसूर, म्हणजे आजचे मैसूरु, येथील रेशीम उद्योगात त्याचे उत्तम उदाहरण सापडते.

नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९१२ साली, म्हैसुरात रेशमी कापडाचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी स्वित्झर्लंडहून यंत्रमाग आणले गेले. १९८० साली हा कारखाना कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाकडे आला. महामंडळ कोष विकत घेते, टी. नरसीपूर येथे त्यांचे सूत काढते आणि म्हैसुरात ते विणते. प्रत्येक साडीला स्वतंत्र क्रमांक असतो व होलोग्रामही लावलेला असतो. ‘आमचे रेशीम शुद्ध आहे’ असे तर प्रत्येक दुकानदार म्हणतो. येथे ते पडताळण्याची खूण मालावरच आहे.

जरतारीचे प्रमाणही महामंडळ उघडपणे सांगते : चांदी सुमारे ६५ टक्के आणि सोने ०.६५ टक्के. सोन्याचा हा आकडा ऐकून एखादा ग्राहक हिरमुसेलही. तरी तो लपवलेला नाही, हे विशेष.

या साड्या यंत्रमागावरच्या आहेत. हातमागाचा दावा तेथे नाही. तो मान येवल्याच्या पैठणीचा. पैठणीचा पदर उलटून पाहिला, तर मागची बाजूही पुढच्यासारखीच सुबक दिसते. तिचा ग्राहक विणकराच्या हाताचे मोल देतो. म्हैसूरचा ग्राहक शुद्धतेच्या खात्रीचे. दोन्ही रेशीमच, पण विधाने वेगळी.

लहान व्यवसायालाही हाच विचार लागू पडतो. डबे पुरवणाऱ्या एखाद्या बाईने आणखी एक भाजी वाढवली, तरी गिऱ्हाइके गळतच राहतात. कारण कारखान्यातील कामगाराला साडेबाराच्या सुट्टीत डबा हाती पडणे अधिक मोलाचे असते. हे घरी बसून कळत नाही. डबा बंद केलेल्या गिऱ्हाइकालाच जाऊन विचारावे लागते, आणि ते थोडे अवघड वाटते.

दिलेला शब्द विक्रेत्यालाही बांधून ठेवतो. अलीकडच्या वर्षांत महामंडळाच्या दुकानांपुढे साड्यांसाठी रांगा लागल्या. अशा वेळी बाहेरचा माल आणून भराभर विकणे सोपे. पण मग साडीवरील क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. म्हणून रांगेतील ग्राहकाला पुढच्या खेपेची वाट पाहावी लागते.