भट्टी विझली, खंगर उरला

गिरणीच्या बॉयलरवर ज्यांनी काम केले आहे त्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. पाळी सुटल्याचा भोंगा झाला तरी जाळ लगेच मरत नाही. तो ओढून काढावा लागतो. मागे राख राहते, आणि राखेत खंगर राहतो. म्हणजे कोळशातली माती वितळून झालेला काचेसारखा दगड. तो फोडायला पहार लागते आणि पहार धरायला माणूस लागतो. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल निघाली, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी ही पहार धरली. म्हणून वितळलेल्या अणुभट्टीत जे उरते त्याची हकीकत आम्ही खंगरापासून सुरू करतो. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य युनियनच्या कामात गेले, आणि जे थोडे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. पण हा खंगर अखेर कोणी काढायचा, हा प्रश्न आमच्याच शाळेतला आहे.

अणुभट्टीत जाळ नसतो. युरेनियमचे अणू फुटतात, त्यातून उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. नियंत्रक दांडे आत सारले की अणू फुटण्याची साखळी थांबते. मग भट्टी विझली काय? नाही. फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वतःच किरणोत्सर्गी असतात आणि तापत राहतात. भट्टी पुऱ्या जोरावर शंभर भाग उष्णता देत असेल, तर बंद केल्याच्या क्षणी सहा-सात भाग शिल्लक असतात. तासाभराने दीडेक भाग, दिवसाने अर्धा भाग. हा जाळ ओढून काढता येत नाही. त्याच्यावर पाणी खेळते ठेवणे, एवढाच उपाय.

पाणी थांबले तर काय होते? इंधनाच्या कांड्यांवर झिर्कोनियम धातूचे आवरण असते. ते फार तापले म्हणजे वाफेशी त्याचा संयोग होऊन हायड्रोजन सुटतो आणि उष्णता आणखी वाढते. पुढे आवरण, पोलाद आणि शेवटी सुमारे २८०० अंशांच्या वर युरेनियमचे इंधनही वितळते. हा सगळा रस खाली उतरतो, काँक्रीटही खातो आणि थिजतो. या मिश्रणाला कोरियम म्हणतात. आमच्या भाषेत, अणुभट्टीचा खंगर.

आपल्या महाराष्ट्रात तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तेथील पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, भट्टीतच पाणी उकळणाऱ्या जातीच्या. जपानमध्ये फुकुशिमाची पहिली भट्टीही त्याच कंपनीची आणि त्याच जातीची. तारापूरची भट्टी कधी वितळलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. भीती घालणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु वितळण्याच्या वाटेवरून परत फिरलेली एक भट्टी आपल्या देशात आहे. उत्तर प्रदेशात गंगेकाठी नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि विजेच्या तारा जळाल्या. सुमारे सतरा तास भट्टीला वीज नव्हती. नियंत्रण कक्षात धूर भरला. तेव्हा कामगार बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि त्यांनी हाताने बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी पाणी चालू ठेवले. भट्टी वाचली. हा खंगर झालाच नाही, याचे श्रेय त्या हातांचे आहे.

जेथे झाला तेथील हिशेब असा. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ साली निम्म्याच्या आसपास गाभा वितळला. रस पोलादी पात्राच्या तळाशी अडला म्हणून निभावले. तरी इंधन उपसण्याचे काम १९९० पर्यंत चालले. चेर्नोबिलला १९८६ साली हा रस वाळू आणि काँक्रीट गिळत तळघरापर्यंत वाहिला. तेथे थिजलेल्या एका गोळ्याला हत्तीचा पाय असे नाव पडले. सापडला तेव्हा त्याच्याजवळ काही मिनिटे उभे राहणे म्हणजे मरण होते. त्याचा तुकडा मिळवायला बंदुकीच्या गोळ्या झाडाव्या लागल्या. रस आणखी खाली उतरेल या भीतीने खाणकामगारांनी भट्टीखाली बोगदा खणला. अंगावरचे कपडे नकोसे व्हावेत एवढा उकाडा होता. बोगद्यात बसवायची थंड करण्याची यंत्रणा पुढे वापरावी लागली नाही, कारण रस आधीच थिजला. त्या कामगारांनी घेतलेले किरण मात्र कोणी परत घेतले नाहीत.

फुकुशिमाला ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर तीन भट्ट्या वितळल्या. तेथे सुमारे ८८० टन खंगर आहे. त्यातला पहिला नमुना बाहेर आला नोव्हेंबर २०२४ मध्ये, आणि त्याचे वजन एक ग्रॅमसुद्धा नव्हते. खंगरातल्या सीझियमचे तेज निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात, प्लुटोनियमचे निम्मे व्हायला चोवीस हजार.

आता आमच्या शाळेतला प्रश्न. ज्या कामाला एवढी वर्षे लागतात, ते काम एका पिढीचे नसते. ते कंत्राटात जाते, कंत्राटातून पोटकंत्राटात. मार्च २०११ मध्ये जपान सरकारने आणीबाणीतल्या कामगाराची किरणांची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्ट केली. मर्यादा कागदावर वाढली. माणसाचे हाडमांस होते तेच राहिले. पुढच्याच वर्षी असे उघड झाले की एका पोटकंत्राटदाराने मजुरांना छातीवरच्या किरणमापकावर शिशाचे झाकण घालायला लावले होते. आकडा कमी दिसला की माणूस आणखी दिवस कामावर राहू शकतो, हा त्यामागचा हिशेब.

गिरणीत हजेरीपटावर खाडाखोड कशी होते हे आम्ही पाहिले आहे. म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. अणुवीज हवी की नको, यावर जाणत्यांनी वाद जरूर घालावा. पण भट्टी उभारताना विजेचा दर जसा मांडतात, तसाच तिच्या खंगराचा आणि तो काढणाऱ्यांचा हिशेबही मांडावा. कायमचा असो की कंत्राटी, प्रत्येक कामगाराच्या अंगावर किती किरण पडले याची वही त्याच्या स्वतःच्या हातात असावी. ती कंत्राटदाराबरोबर बदलू नये, आणि काम सुटल्यावरही त्याची तपासणी थांबू नये. भट्टी बंद करणारा अधिकारी निवृत्त होतो, कंपनीचे नाव बदलते. खंगर जागेवर राहतो, आणि पहार धरायला माणूस लागतोच.