इमारतीचा वकील

काशीमीऱ्याच्या नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, पुढे घोडबंदरजवळ त्याला ठाण्याचा रस्ता फुटतो आणि नाक्यावरून मेट्रोचा मार्ग गेलेला आहे. आसपास जिथे जागा सापडेल तिथे नव्या गृहप्रकल्पांची होर्डिंगं. त्यांवर स्विमिंग पूल असतो, क्लब हाउस असतं, 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असतं. इमारत ज्या जमिनीवर उभी राहणार, तिचा सर्व्हे नंबर मात्र नसतो. बांधकामाच्या कज्जांत मुरलेला वकील नेमका तोच पहिल्यांदा विचारतो.

इथे त्याला आधी जमिनीचा वकील व्हावं लागतं. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, त्याच्या पायथ्याला दाचकूळ पाडा, माशाचा पाडा अशा आदिवासी वस्त्या. पलीकडे भाईंदरच्या बाजूला खाडी आणि मिठागरं. मधली बरीच जमीन कालपरवापर्यंत शेतीची. म्हणून सातबाऱ्यातला 'इतर हक्क' हा रकाना तो मालकाच्या नावाइतक्याच बारकाईनं वाचतो. तिथे कुळाची नोंद असू शकते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं आणि परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे कित्येक वर्षांनीही उकरला जाऊ शकतो. राखीव वनाची किंवा खासगी वनाची नोंद निघाली तर वेगळाच अभ्यास सुरू होतो. गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं की, जुन्या वन कायद्याखाली नोटीस निघाली एवढ्यानं जमीन खासगी वन ठरत नाही, ती नोटीस मालकावर बजावली गेली होती का तेही पाहावं लागतं. मग साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या बजावणीचा कागद शोधणं आलं. उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ पासून आहे, त्याची हद्द नकाशावर टाकून बघायची ती वेगळीच.

याशिवाय यूएलसी. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा महाराष्ट्रात २९ नोव्हेंबर २००७ ला गेला, पण त्याखाली दिलेल्या सवलतींच्या अटी काही जमिनींना चिकटून राहिल्या. काशीमीरा ज्या शहरात येतं त्या मीरा-भाईंदरमध्ये तर बनावट यूएलसी दाखल्यांचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्यात भर म्हणून, या शहराच्या हजारो एकरांवर इस्टेट इन्व्हेस्टमेंट नावाची कंपनी आपला हक्क सांगत आलेली आहे. त्यामुळे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हातात आला तरी इथला जाणता वकील त्यावर लगेच सही करत नाही. दुय्यम निबंधकाकडची नोंदलेल्या दस्तांची सूची, म्हणजे इंडेक्स टू, आणि तलाठ्याकडचे फेरफार समोरासमोर ठेवून तो सगळं पुन्हा वाचतो.

घर घेणाऱ्याला यातलं काही ऐकायचं नसतं. त्याचा प्रश्न एकच: 'रेरा नंबर आहे ना?' आहे, पण तो नंबर म्हणजे रिअल इस्टेट कायद्याखाली (रेरा) महारेरा या प्राधिकरणाकडे झालेली प्रकल्पाची नोंदणी, बांधकामाच्या परवानगीची हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली होती आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणून बांधकाम सुरू करण्याचा दाखला, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, कितव्या मजल्यापर्यंत आहे हे महापालिकेकडूनच पडताळून घ्यायचं. टोकन देण्यापूर्वी घेतलेला हा सल्ला वकिलाच्या सगळ्या कामांत सर्वांत स्वस्त असतो आणि तोच घ्यायला कोणी येत नाही. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असं रेराचं कलम १३ बजावतं. माणसं तीस टक्के भरून मग येतात, तेही कच्च्या पावत्या घेऊन.

या धंद्यातला एक मोठा निकाल काशीमीऱ्याच्या अगदी शेजारचा आहे. दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे, दहिसर पूर्वेच्या आनंदनगरमध्ये पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे स्टिल्टमध्ये, गाड्यांच्या २५ जागा होत्या. विकासकाचं म्हणणं असं की त्या जागा माझ्या, मी त्या वेगळ्या विकणार, सोसायटीनं त्यांत लुडबुड करू नये. त्यासाठी तो शहर दिवाणी न्यायालयात गेला आणि हरला. उच्च न्यायालयात हरला. सर्वोच्च न्यायालयानंही ३१ ऑगस्ट २०१० ला त्याचं अपील फेटाळलं. सगळा वाद १९६३ च्या मोफा कायद्यातल्या व्याख्यांवर चालला होता. त्यात 'फ्लॅट'मध्ये गॅरेज येतं, मग स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज का? न्यायालय म्हणालं, नाही. ती सामाईक जागा आहे, फ्लॅट विकले की ती विकासकाकडे उरत नाही. २५ गाड्यांच्या भांडणातून राज्यभरच्या सोसायट्यांच्या हाती एक हत्यार आलं. पुढे रेरानं गॅरेजची व्याख्याच लिहून टाकली: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती हव्यात, उघडं पार्किंग त्यात मोडत नाही. तरीही करारनाम्यात 'पार्किंग चार्जेस' नावाची ओळ अजून सापडते. वकिलाची पेन्सिल तिथे थांबते.

जुन्या इमारतींचं दुखणं वेगळं. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ ची, महापालिका २००२ ची, त्यामुळे काही इमारतींच्या परवानग्या थेट ग्रामपंचायतीच्या काळातल्या. त्या आता पुनर्विकासाला आल्या आहेत आणि सभेत बिल्डरची प्रेझेंटेशनं सुरू झाल्यावर कोणीतरी विचारतं, जमीन आपल्या नावावर आहे का? बहुतेकदा ती अजून मूळ मालकाच्या नावावरच असते. मोफाप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची होती. बिल्डर ती देत नाहीत म्हणून २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरण आलं. त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हटलं की सगळ्यांना कळतं.

या कामात युक्तिवाद कमी आणि कागद फार. नमुना ७ मधला अर्ज, त्यावर दोन हजारांचा कोर्ट फी स्टॅम्प, बिल्डरला दिलेली नोटीस, सोसायटीचं नोंदणीपत्र, सभासदांचे करारनामे, प्रत्येकाची इंडेक्स टू. एखादा सभासद परदेशी असतो, एखाद्याचा मूळ करार बँकेत अडकलेला असतो. अर्ज ठाण्याच्या जिल्हा उपनिबंधकांपुढे चालतो आणि कायद्यानं सहा महिन्यांत निकाल लागायला हवा. दाखला मिळाला की सचिव पेढे वाटतात. वकील त्यांना सांगतो की अजून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय, म्हणजे मुद्रांक शुल्क ठरणं, बाकी आहे, त्यानंतर दस्त नोंदणी, त्यानंतर सातबाऱ्यावर नाव. मालकी वारसांत वाटली गेली असेल तर त्यांतला एखादा मध्येच उच्च न्यायालयात जातो.

रेराच्या दारात मात्र वकिलाची मक्तेदारी नाही. पाच हजार रुपये फी भरून तक्रार ऑनलाइन करता येते, स्वतः बोलता येतं. कलम ५६ नं चार्टर्ड अकाउंटंटलाही उभं राहायची मुभा दिली आहे. काही वकिलांना हे आवडलेलं नाही, मला ते योग्य वाटतं. ताब्याला उशीर झाला तर व्याजाचा हिशेब सोपा असतो. महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरावर आणखी दोन टक्के धरून व्याज मिळतं. दर साडेदहा धरला तर ४० लाख भरलेल्या माणसाचे महिन्याला ३५ हजार होतात. न्यूटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हेही स्पष्ट केलं की, मुदतीत ताबा मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा हक्क बिनशर्त आहे.

आदेश मिळतो. पैसे मिळत नाहीत. मग महारेरा वसुलीचं वॉरंट काढतं, ते ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलला जातं, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. तहसीलदाराला बिल्डरची मालमत्ता कुठे आहे हे कुठून कळणार? ते वकिलानंच शोधून द्यायचं: कोणता सर्व्हे नंबर, कोणते न विकलेले फ्लॅट, कोणत्या बँकेत खातं, त्यावर आधीच कोणाचं कर्ज. बिल्डरला अपील करायचं तर कलम ४३ प्रमाणे आधी पैसे भरावे लागतात, त्यामुळे काही जण तिथेच तडजोडीला येतात. काही कंपनीच दिवाळखोरीत नेतात. एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणानं अर्ज दाखल करून घेतला की मोरेटोरियम लागतो आणि वसुली जागच्या जागी थांबते. २०१९ च्या पायोनिअर निकालानं घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको मानलं आहे, पण त्यासाठी फॉर्म सीए हा दाव्याचा अर्ज मुदतीत भरायला हवा. म्हणून वॉरंट तहसीलमध्ये पडलेलं असतानाही वकील एनसीएलटीच्या कामकाजाच्या यादीवर डोळा ठेवून असतो, आणि कंपनीचं नाव दिसलं की त्याच संध्याकाळी अशिलाला फोन लावून पावत्या मागवतो.