अंधेरी पश्चिम म्हणजे अंधेरी स्टेशन नव्हे

मुंबईकर मेट्रोचा नकाशा लोकलच्या सवयीने वाचतो आणि तिथेच फसतो. लोकलवाल्यांच्या लेखी ‘अंधेरी वेस्ट’ म्हणजे जिना उतरलं की समोर रिक्षा. मेट्रो 2अ वरचं ‘अंधेरी पश्चिम’ मात्र डी. एन. नगरला आहे. तिथून रेल्वे स्टेशन गाठायचं तर पुलावरून मेट्रो 1 च्या डी. एन. नगर स्थानकात जायचं, घाटकोपरची गाडी धरायची, मध्ये आझाद नगर जाऊ द्यायचं आणि मग अंधेरीला उतरायचं. शेजारी-शेजारी असलेल्या दोन स्थानकांना दोन वेगळी नावं द्यायची कल्पना कुणाची, देव जाणे. मेट्रो 7 चं गुंदवली आणि मेट्रो 1 चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे यांचीही तीच कथा. मरोळ नाक्याला निदान नाव एकच आहे, फक्त एक स्थानक डोक्यावर आणि दुसरं पायाखाली. ‘एअरपोर्ट रोड’ या नावावर विसंबून बॅगा घेऊन उतरू नका. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलची स्थानकं मेट्रो 3 वर आहेत.

या मेट्रो 3 चं कागदोपत्री नाव कुलाबा-वांद्रे-सीप्झ. प्रत्यक्षात कुलाबा नावाचं स्थानक तिच्यावर नाहीच; दक्षिणेचं टोक कफ परेड आहे आणि उत्तरेला गाडी सीप्झ ओलांडून आरेपर्यंत जाते. कुलाब्याला रेल्वे कधी नव्हतीच, असंही ऐकू येतं. होती. बी.बी.सी.आय. रेल्वेचं कुलाबा टर्मिनस 1930 च्या अखेरीस बंद झालं आणि त्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क वसाहत आहे.

मार्गांचे क्रमांक म्हणजे सुरू होण्याचा क्रम, हेही खरं नाही. मेट्रो 1 ही जून 2014 मध्ये धावली. त्यानंतर 2022 मध्ये 2अ आणि 7 यांचे पहिले टप्पे आले, आणि 3 ची पाळी ऑक्टोबर 2024 मध्ये आली. ती कफ परेडपर्यंत पोहोचली ऑक्टोबर 2025 मध्ये.

हे सगळं एकाच कंपनीचं असेल, असा समज साहजिक आहे. पण मेट्रो 1 खासगी भागीदारीतली, 2अ आणि 7 एमएमआरडीएच्या महा मुंबई मेट्रोकडे, तर 3 केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीकडे. नागपूर-पुण्याची महामेट्रो आणखी निराळी. तिकिटांचा गोंधळ यातूनच आला. एकाच तिकिटासाठी ‘मुंबई वन’ अ‍ॅप यायला 2025 उजाडलं.

सर्वांत मोठा गैरसमज भुयारी मेट्रो 3 च्या खोदकामाचा. वर्षानुवर्षं रस्त्यात पत्रे उभे होते, म्हणून लोकांना वाटतं की 33.5 किलोमीटरचा अख्खा रस्ता वरून उकरला. उकरल्या त्या मुख्यतः स्थानकांच्या जागा. वरून खड्डा घ्यायचा, त्यात स्थानक उभारायचं आणि वर पुन्हा रस्ता घालायचा, असं ते काम. दोन स्थानकांमधला बोगदा मात्र खड्ड्यातून आत उतरवलेल्या यंत्राने काळ्या बेसाल्टमधून पोखरला. अशी 17 यंत्रं होती, आणि त्यांना कृष्णा, गोदावरी, वैतरणा, तानसा अशी नद्यांची नावं दिली होती. यंत्राचं गोल तोंड फिरत दगड फोडतं आणि मागोमाग काँक्रीटच्या वळणदार पाकळ्या जोडून बोगद्याला अस्तर लावलं जातं. वर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्याला पत्ताही लागत नाही. खरी पंचाईत गिरगाव आणि काळबादेवीत होती. अरुंद रस्ता, दोन्हीकडे जुन्या चाळी. सबंध स्थानकाएवढा खड्डा घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तिथे फलाटांच्या गुहा जमिनीखालूनच आडव्या खोदल्या.

‘पावसात बोगदा भरणार’ हे भाकीत 26 मे 2025 रोजी खरं ठरल्यासारखं वाटलं. आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं आणि फलाटावर चिखल झाला. पण ते पाणी बोगद्याच्या छतातून झिरपलं नव्हतं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळली आणि रस्त्यावरचं पाणी आत आलं. चूक गंभीरच, पण ती प्रवेशद्वारावरची. त्याच मार्गाचा बोगदा धारावी आणि बीकेसी यांच्यामध्ये मिठी नदीच्या खालून जातो.