एकाच साच्याच्या मोटारींची शर्यत

गेल्या सहामाहीत इयत्ता आठवीच्या वर्गात एक लहानसा वाद उपस्थित झाला. त्याचा निकाल तासाची घंटा होईपर्यंत लागू शकला नाही, म्हणून तो आम्ही या वार्षिकाच्या पानांवर आणीत आहोत. एका विद्यार्थ्याचे वडील चाकणच्या मोटार कारखान्यात कामास आहेत. पहाटे खडकीहून कारखान्याची बस त्यांस घेऊन जाते. हा विद्यार्थी मोठ्या अभिमानाने म्हणाला, "सर, आमच्या बाबांच्या कारखान्याच्या मोटारींनी एका वर्षी सगळ्याच्या सगळ्या शर्यती जिंकल्या होत्या!" तोच मागल्या बाकावरून उत्तर आले, "जिंकतील नाहीतर काय! दुसऱ्या मोटारी होत्याच कुठे? मग शेवटचा नंबरही तुमचाच!" वर्ग हसला. परंतु विचार करता दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि ते एकाच वेळी खरे कसे, हे सांगण्याचा येथे हेतू आहे.

फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. तेथे तयार होणारी पोलो ही लहान मोटार पुढल्या वर्षी बाजारात आली, आणि त्याच २०१० साली कंपनीने 'पोलो कप' या नावाने शर्यतींची एक मालिका सुरू केली. तीत सर्व स्पर्धक पोलोच चालवीत. पुढे २०१५ साली पोलोची जागा व्हेंटो या मोटारीने घेतली व २०१७ साली अमिओने. या दोन्ही मोटारीही चाकणच्याच. स्पर्धक वीसच्या आसपास, आणि प्रत्येकाच्या हाती तीच मोटार, तेच इंजिन, तेच टायर.

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे याच्या अगदी उलट चित्र उभे राहते. त्याच चाकणच्या परिसरात, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत, यात्रेच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती भरतात. २०१४ पासून काही वर्षे त्या बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिल्यावर पुन्हा सुरू झाल्या. तेथील घाटात एकेक गाडा चढावर सोडतात, पुढे घोडी धावते, आणि घड्याळावर सेकंद मोजतात. गाड्यात हाकणारा नसतोच! जे काही आहे ते बैलांचे व बैल पोसणाऱ्या मालकाचे. एकाच साच्याच्या मोटारींच्या शर्यतीत हा हिशेब पार उलटा होतो. जनावर, म्हणजे मोटार, सर्वांचे एकच. जे काही आहे ते हाकणाऱ्याचे.

ही कल्पना मूळची आपली नव्हे. १९७९ व १९८० या दोन वर्षी युरोपात बीएमडब्ल्यू कंपनीने 'प्रोकार' नावाची मालिका भरविली होती. त्या काळचे जगप्रसिद्ध फॉर्म्युला वन चालक आपापली खास यंत्रे बाजूस ठेवून एकाच प्रकारच्या एम वन मोटारींत बसत. पहिल्या वर्षी निकी लाउडा जिंकला व दुसऱ्या वर्षी नेल्सन पिके, दोघेही जगज्जेते. यंत्राचा आधार काढून घेतल्यावरही ते पुढेच राहिले, हे पाहून लोकांचे समाधान झाले असेल, यात नवल नाही.

आता कोणी म्हणेल, एकाच कारखान्यातून निघालेल्या मोटारी सारख्या असणारच, त्यात विशेष ते काय? आम्हा खडकीकरांनी तरी असे म्हणू नये. आपल्या गावात १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांचे आजोबा-पणजोबा तेथे कामास होते. एक काडतूस दुसऱ्यासारखे निघावे म्हणून किती मोजमाप करावे लागते, हे त्या घरांतून ठाऊक आहे. 'जाते' आणि 'जात नाही' अशा दोन तोंडांचे गेज लावून प्रत्येक नग तपासावा लागतो. कारण सारखेपणा आपोआप होत नाही. तो राखावा लागतो.

शर्यतीच्या मोटारीचेही तसेच आहे. प्रथम तिची मागली आसने, गालिचे वगैरे सर्व काढून टाकतात. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा जोडतात, म्हणजे मोटार उलटली तरी टप दबत नाही. चालकास खांद्यांवरून, कमरेवरून व मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांनी आसनाशी बांधतात. टायर नक्षी नसलेले, गुळगुळीत असतात, कारण कोरड्या रस्त्यावर जितके अधिक रबर टेकेल तितकी पकड अधिक. इंजिनही रोजच्या वापराचे राहत नाही. पहिल्या वर्षीच्या पोलोत १.६ लिटरचे डिझेल इंजिन होते व त्याची शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती होती. आपल्या खडकीत १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिने होत आली. शेतातील पाणी उपसणाऱ्या त्या इंजिनाचा हा चपळ भाऊबंद डिझेलवर शर्यत धावे, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. २०१२ साली त्याच्या जागी १८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले, आणि २०१७ च्या अमिओची शक्ती २०५ पर्यंत गेली. बाजारातल्या पेट्रोल अमिओची शक्ती सुमारे ७५ होती, हे ध्यानात घ्यावे.

मग यावर पहारा बसतो. अशा शर्यतींत इंजिनावर मोहोर लावतात. ती तुटलेली आढळल्यास निकाल रद्द होतो. मोटारी स्पर्धकांच्या ताब्यात नसत, त्यांची देखभाल कंपनीचेच कारागीर करीत. म्हणजे चतुर मिस्त्री पदरी ठेवून गुपचूप काही सुधारणा करून घेण्याची सोय नाही. शर्यतीनंतर मोटारी काट्यावर चढवितात. हलक्या चालकास वजनाचा लाभ मिळू नये म्हणून मोटारीत जास्तीचे वजन बसविण्याचीही चाल पुष्कळ ठिकाणी आहे.

इतके सारखे केल्यावर उरते काय? उरते वळण. सरळ वाटेवर सारख्या मोटारी सारख्याच धावणार. भेद पडतो तो ब्रेक कोणत्या क्षणी दाबावा व वळण कोणत्या रेषेने घ्यावे यात. नववीच्या विद्यार्थ्यांनी येथे वही काढावी. वळणाची त्रिज्या चौपट झाली तरच वेग दुप्पट ठेवता येतो. म्हणून कुशल चालक रस्त्याच्या बाहेरच्या कडेने येतो, मध्यावर आतल्या कडेस स्पर्श करतो व पुन्हा बाहेरच्या कडेस जातो. रस्ता तोच, पण त्याने त्यातून अधिक मोठ्या वर्तुळाचा तुकडा कापून घेतलेला असतो. पोलोची पुढली चाकेच ओढण्याचे काम करतात व वळविण्याचेही. जो पहिल्याच फेऱ्यांत त्यांना फार छळतो, त्याचे टायर शेवटच्या फेऱ्यांत त्याला सोडून जातात. शिवाय पुढली मोटार हवा फोडीत जात असल्याने तिच्या पाठीशी चिकटलेल्यास हवेचा विरोध कमी होतो, व सारख्या शक्तीची असूनही मागली मोटार पुढे सरू शकते. म्हणूनच या शर्यतींत मोटारी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकमेकींस लागून धावतात.

आणि हंगाम म्हणजे एक शर्यत नव्हे. कोइमतूरजवळची कारी ही २.१ किलोमीटरची वाट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरची, आणि २०११ साली उघडलेली ग्रेटर नोएडाची ५.१ किलोमीटरची, या ठिकाणी फेऱ्या होत, व सर्वांचे गुण मिळून विजेता ठरे. मोटारी चाकणच्या, पण या तिन्ही वाटा महाराष्ट्राबाहेर! गुणांचे गणित पाहण्यासारखे आहे. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून पहिल्यास २५, दुसऱ्यास १८ व तिसऱ्यास १५ गुण आहेत. तेच प्रमाण धरू. आठ शर्यतींपैकी चार जिंकून चार वेळा मोटार आपटणारा १०० गुण मिळवितो. आठही वेळा तिसरा येणारा, एकही शर्यत न जिंकता, १२० मिळवितो.

येथवर सर्व न्यायाचे झाले. परंतु पालकांपासून एक गोष्ट लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. इंजिनास मोहोर लागते, पैशाच्या पिशवीस लागत नाही. चालकांची निवड चाचणी घेऊन होई हे खरे. पण त्या चाचणीस योग्य होण्याकरिता लहानपणापासून कार्टिंगचा सराव लागतो, आणि अशा हंगामाचा खर्च लाखांच्या घरात जातो. सारखेपणा सुरू होतो तो फाटकाच्या आत. फाटकापर्यंतची वाट प्रत्येकाची निराळी. सारख्या प्रश्नपत्रिका वाटताना आमच्याही मनात हा विचार पुष्कळदा येऊन जातो.

मुलांकरिता आणखी एक सांगावयाचे आहे, व ते सांगताना लेखणी थोडी अडखळते. आमचा एक माजी विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी रात्री होळकर पुलाकडल्या रस्त्यावर मित्राशी मोटारसायकलची शर्यत लावताना पडला. पाय गुडघ्याखाली मोडला. अजून तो काठी घेऊन चालतो. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा म्हणाला, "सर, त्याची गाडी माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीची होती. वळणावर भरून काढू म्हटलं." इंजिनात जे नव्हते ते त्याने धाडसाने भरून काढू पाहिले. शर्यतीच्या वाटेवर समोरून बस येत नाही, हातगाडी आडवी येत नाही. वळणाबाहेर खडीचा पट्टा असतो, निशाणे घेतलेली माणसे असतात, डॉक्टर असतो. तरी तेथेही मोटारी आपटतात.

आता आठवीतल्या वादाकडे वळू. दोघांचे म्हणणे खरे ते असे की, अशा मालिकेत कारखाना रोज जिंकतो व रोज हरतोही, म्हणून त्याला त्यात जय नाही की पराजय नाही. लाभ मिळतो तो नाव गाजल्याचा. चाकणला पोलो तयार होणे २०२२ साली थांबले. पण आमच्या त्या विद्यार्थ्याचे समाधान एवढ्याने झाले नाही. त्याने घरी जाऊन वडिलांस विचारले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणले. वडील म्हणाले होते, "अरे, पहिला कोण आला ते त्या पोराचं. आमचं काम एवढंच, की शेवटी आलेल्याला गाडीकडे बोट दाखवता येऊ नये."