कानबाईच्या आदल्या दिवशी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या आदल्या दिवसापासून भरून येतात. उधना, लिंबायतला पोटासाठी गेलेला आमचा माणूस एखादी दिवाळी चुकवेल, कानबाईच्या नैवेद्याचे रोट चुकवत नाही. पाहुण्याला दिसतो तो रविवार: साड्यांचा मांडव, चौरंगावर डोळे-नाक लावून सजवलेलं नारळ, रात्रभर गाणी आणि फुगड्या. सोमवारी सकाळी डोक्यावर कानबाई घेऊन बाया नदीकडे निघतात, तेही दिसतं. पण शिंदखेड्याच्या आमच्या भाऊबंदकीत वाढल्यामुळे मला ठाऊक आहे, की सणाचा मोठा भाग तोवर उरकलेला असतो.

गजबज असते ती गिरणीवर. गिरणीवाल्याला चार दिवस आधी निरोप जातो. तो जातं उघडून झाडतो, धुतो, पुसतो, पूजा करतो, आणि मगच रोटाचे गहू पाळ्यात पडतात. त्या दिवशी ज्वारी-बाजरीचं दळण घेऊन कोणी आलंच, तर ते बाजूला थांबतं. रांगेतल्या बायांची तेवढ्यात वर्षभराची ख्यालीखुशाली होते: कोणाची सून बाळंतपणाला गेली, कोणाचा कापूस लागला, कोणी पुण्याला घर घेतलं.

त्याआधी गहू मोजायचे असतात, आणि सगळं रहस्य त्या मोजण्यात आहे. माप सव्वा मुठीचं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ धान्य टाकायचं. आमच्याकडे हे काम एका म्हाताऱ्या जिजीकडे होतं. तिला अक्षरओळख नव्हती. सुपापुढे बसली की थोरल्या घरापासून सुरू करायची: बाप, मग मुलगे, मग नातू. कोणी वापीच्या कारखान्यात, कोणी फौजेत, कोणी दुबईत. ज्याची मूठ त्याच्या जागी पडायची. वर्षात गेलेल्याचं नाव आलं की हात थांबायचा, जिजी पदराने डोळे टिपायची आणि पुढच्या नावावर जायची. आमच्या कुळाची वंशावळ कोणत्याही कागदावर नव्हती. ती दरवर्षी एकदा त्या सुपात मांडली जायची.

एका वर्षी सगळी तयारी झाली होती. लाल भोपळा चिरायला काढलेला, डाळ निवडलेली, सुरतची मंडळी स्टेशनवर उतरलेली. तेवढ्यात फोन आला, की मागे राहिलेली एक सून तिकडे बाळंत झाली. मुलगी. आता सोयर आलं, म्हणजे रोट अडले. ही भाऊबंदकीची रीत, तिला तडजोड नाही. रजा टाकून आलेल्या पोरांचे चेहरे उतरले. एकाने चाचपून पाहिलं, की फोन उद्या आला असं समजू. जिजीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “कानबाई त घरमा उनी ना भो, आते आखो काय जोयजे?” मोजलेले गहू तिने फडक्यात बांधून ठेवले. पुढच्या वर्षी मोजताना त्या पोरीच्या नावाची मूठ पडली, आणि मग सगळ्याच लेकींची. कोणी हरकत घेतली नाही. जिजीपुढे कोण घेणार?

शनिवारी रात्री दागिने गोळा होतात. सुनांच्या अंगावरची पोत, नथ, बोरमाळ उतरते, कोणाचं काय ते एकजण लक्षात ठेवते. आमचं नारळ वाडवडिलांपासूनचं. ते बुराई नदीवर स्नान घालून परत घरी येतं आणि लाल कापडात वर्षभर राहतं. त्याला हात लावायचा मान ठरलेल्या घराचा. नदीला पाणी नसलं तर हंडे भरून नेतात. आमचा तालुका पावसाच्या बाबतीत कमनशिबी, त्याची सवय आहे.

हे सगळं कोणी जपायचं, हा विचार मला छळतो. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये फ्रेडेरिक मिस्त्राल नावाच्या कवीने हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हातात घेतला. तो आपल्या भागाच्या बोलीत लिहायचा, शाळेतल्या फ्रेंचमध्ये नाही. १९०४ साली त्याला साहित्याचं नोबेल विभागून मिळालं, तो पैसा त्याने आर्ल गावातल्या आपल्या लोकजीवन-संग्रहालयाच्या कामी लावला. तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा मला मोठ्या वाटतात त्या दोन खोल्या: एकीत नाताळच्या आदल्या रात्रीचं मांडलेलं ताट, दुसरीत बाळंतिणीला भेटायला आलेल्या बाया. सणाची मागची बाजूच त्याने जपली.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला चेतक फेस्टिव्हलचं रूप आलं, बाहेरचे लोक येऊ लागले, ते चांगलंच झालं. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ दप्तरं आणि पोथ्या सांभाळतं आहे. पण मुठींची यादी कोणत्या दप्तरात आहे? ती म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे, आणि त्या एकेक करून चालल्या आहेत. आता सुरतेतही कानबाई बसते, गव्हाचं पीठ पिशवीतून येतं, आणि पीठ आयतं आलं की नावं घ्यायचं राहून जातं.

म्हणून बाहेरगावी असलेल्या आपल्या मंडळींना सांगणं एवढंच: या वर्षी रविवारी दुपारी येऊ नका, गहू मोजतात त्या दिवशी या. सुपाशेजारी बसा, आणि घरातली जिजी जी नावं घेईल ती तिच्याच अहिराणीत, तिच्याच क्रमाने वहीत उतरवून घ्या.