प्रवासी राउटर : शिदोरीतील नवा जिन्नस

शहापूर तालुक्यात माहुलीच्या पायथ्याशी अथवा मुरबाडकडून माळशेज घाट चढण्यापूर्वी टोकावड्यास मुक्काम करणाऱ्या ज्या मंडळींस डोंगराआड मोबाइलची रेंज क्षीण झाल्याचा अनुभव येतो, त्यांनी हे ध्यानी ठेवावे की, तळहाताएवढा प्रवासी राउटर स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. सिमकार्डातून, केबलमधून किंवा मुक्कामाच्या वाय-फायमधून मिळालेली एकच जोडणी तो सर्वांस वाटून देतो. सबब, सिमचा राउटर टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवावा. जाड भिंतींपलीकडे पोहोचण्यास २.४ गिगाहर्ट्झ, जवळून अधिक वेगासाठी ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय पट्टा निवडावा. अनेक राउटर ५ व्होल्टच्या पॉवर बँकेवर चालत असल्याने, वीज गेली तरी ते बंद पडत नाहीत. कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र घरून निघण्यापूर्वीच बदलावा.