फॉर्म भरून शिकायचं गाणं

पहाडगंजातल्या मराठी घरात मूल सहा-सात वर्षांचं झालं की चौकशी सुरू होते, ‘गाण्याला कुठे घालायचं?’ नूतन मराठी शाळा इथलीच, बृहन्महाराष्ट्र भवनही इथलंच, तेव्हा गणपतीत स्टेजवर उभं राहायची संधी मुलाला घराजवळच मिळते. शिकण्यासाठी मात्र नवी दिल्ली स्टेशन ओलांडून पलीकडे जावं. तिथे दीनदयाळ उपाध्याय मार्गावर गांधर्व महाविद्यालय आहे.

1939 साली विनयचंद्र मौद्गल्य यांनी ते कॅनॉट प्लेसमध्ये सुरू केलं. ‘एक अनेक और एकता’ या अनुबोधपटातलं, दूरदर्शनमुळे देशभरातल्या मुलांना पाठ झालेलं गीत याच मौद्गल्यांचं. ते विनायकराव पटवर्धनांचे शिष्य आणि विनायकराव पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचे. म्हणजे दिल्लीच्या या वर्गाचं मूळ थेट आपल्या कृष्णाकाठी पोचतं.

पलुस्करांचा जन्म 1872चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शाळेचं शिक्षण अडलं आणि मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि बुवांची मर्जी होईल तेव्हा चीज पदरात पडायची. घरंदाज मुलीला तर ही वाट बंदच होती. ज्याने हे सगळं भोगलं, त्यानेच ते बदलायचं मनावर घेतलं, याचं मला फार मोल वाटतं.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणा संस्थानिकाच्या आश्रयावर ते उभं नव्हतं. लोकांच्या देणग्या आणि तिकीट लावून केलेले जलसे यांवर त्याचा खर्च भागायचा. वर्गाची वेळ ठरलेली, अभ्यासक्रम ठरलेला, छापील पुस्तकं, स्वतःची स्वरलिपी आणि शेवटी परीक्षा. आज गाण्याच्या क्लासला नाव घालताना आपण जे जे गृहीत धरतो, त्यातलं बरंचसं तिथे घडलं. 1931मध्ये पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची चढण या मंडळाची.

या चढणीचा एक तोटा आहे, तोही सांगायला हवा. पालक प्रमाणपत्रं मोजू लागतात. मूल भूप आणि दुर्गा या रागांच्या ठरलेल्या ताना घोकून मध्यमा पार करतं आणि कुणी तानपुरा हातात दिला तर त्याला तो लावता येत नाही. पलुस्करांना घरोघर तानसेन नको होते, कानसेन हवे होते असं सांगतात. कान तयार व्हायला परीक्षेच्या हंगामाबाहेरचे महिने लागतात.

पहिल्या वर्षाचा वर्ग जवळून पाहावा. मुलं मांडी घालून तीनताल हातावर धरतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उघडा सोडायचा, ती खाली. मग तोच ताल दुगुनीत. सोळा मात्रांत दोन आवर्तनं बसवताना निम्मी मुलं खालीपाशीच घसरतात. कुणी समेवर आधीच येऊन थांबतो, कुणी टाळी विसरून बोलच म्हणत राहतो. चांगला शिक्षक इथे घाई करत नाही. बोल तोंडाने म्हणवून घेतो, पुन्हा ठाय लयीत आणतो. वर्ग निवडायचा असेल तर पालकांनी हीच पंधरा मिनिटं मागे बसून पाहावीत. फी आणि निकाल नंतर विचारावेत.

एखाद्याचा जीव सुरात रमत नाही. त्यालाही पहाडगंजाहून लांब जावं लागत नाही. रामकृष्ण आश्रम मार्गावर मेट्रोत बसलं की तिसरं स्टेशन मंडी हाउस. तिथे 1950 साली सुंदरी श्रीधराणींनी सुरू केलेला त्रिवेणी कला संगम आहे, चित्रकला आणि नृत्याचे वर्ग चालवणारा. जवळच राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. 1962पासून पंधरा वर्षं त्याची घडी बसवणारे इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे. या विद्यालयाची संस्कार रंग टोली 1989पासून मुलांसाठी आणि मुलांबरोबर नाटक करते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची नाट्यकार्यशाळा भरते.